बल्लारी नाल्याचं शिवार आणि मास्टर प्लॅन: भूदृश्य-नियोजनाच्या आंतरराष्ट्रीय तत्त्वांवर एक तपासणी

बेळगावच्या दक्षिणेला अनगोळ, वडगाव, शहापूर, जुने बेळगाव, धामणे, येळ्ळूर यांची शिवारं एकमेकांना लागून पसरलेली आहेत. जमीन काळी, जड, पाणी धरून ठेवणारी. खरिपात भात, आणि भात निघाला की उरलेल्या ओलीवर मसूर, वाटाणा, हरभरा. बेळगाव बासमती म्हणून ज्या तांदळाचं नाव घेतलं जातं तो याच पट्ट्यातला. या शिवाराचं पाणी बल्लारी नाल्यात उतरतं आणि नाला शहराच्या कडेने पुढे जाऊन मार्कंडेय नदीला मिळतो. वाटेत शहराचं सांडपाणीही त्यात येतं. गाळ साचतो, जलपर्णी माजते, आणि जोराचा पाऊस झाला की नाल्याचं पाणी मागे सरकून उभ्या भातात शिरतं.

त्यातच शहर दक्षिणेकडे वाढतं आहे. बिगरशेती (एनए) लेआउट पडतात, गुंठ्यांनी प्लॉट विकले जातात, हलगा–मच्छे बायपास याच सुपीक पट्ट्यातून नेण्याला शेतकऱ्यांनी रस्त्यावर आणि न्यायालयात विरोध केला, हलग्याच्या सांडपाणी प्रकल्पाच्या जागेवरूनही तोच संघर्ष झाला. हे सगळे वाद सुटे सुटे लढले गेले: एक जमिनीच्या भरपाईचा, एक पुराचा, एक सांडपाण्याचा. खरं तर ते एकाच भूदृश्याचे वाद आहेत. इथलं नियोजन भूदृश्य-नियोजनाच्या जगभर मान्य झालेल्या तत्त्वांवर कुठवर टिकतं आणि कुठे तुटतं, ते या अभ्यासात पायरी-पायरीने पाहिलं आहे.

मोजपट्टी कोणती

मुख्य मोजपट्टी म्हणून युरोप परिषदेचा भूदृश्य करार घेतला आहे. तो 20 ऑक्टोबर 2000 रोजी फ्लॉरेन्समध्ये सह्यांसाठी खुला झाला आणि 1 मार्च 2004 पासून लागू झाला. भारत त्याचा सदस्य नाही, त्यामुळे तो इथे कोणावर बंधनकारक नाही. तरी दोन कारणांनी तो उपयोगी पडतो. एक म्हणजे 1 जुलै 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर युरोपाबाहेरच्या देशांनाही त्यात सामील होता येतं. दुसरं, त्याची व्याख्या साध्या शेतशिवाराला लागू पडते. लोकांना जसा जाणवतो तसा प्रदेश, आणि ज्याचं रूप निसर्ग व माणूस यांच्या परस्पर व्यवहारातून घडलं आहे तो प्रदेश, म्हणजे भूदृश्य. कलम 2 स्पष्ट सांगतं की रोजच्या वापरातली आणि बिघडलेली ठिकाणंही यात येतात. बल्लारी नाला रोजच्या वापरातला आहे आणि बिघडलेलाही आहे.

जोडीला दुसरी मोजपट्टी आहे ती इकोमॉस (वारसा-स्थळांसाठीची आंतरराष्ट्रीय परिषद) आणि इफ्ला (भूदृश्य-रचनाकारांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) या दोन संस्थांनी मिळून केलेल्या ग्रामीण भूदृश्यांच्या तत्त्वांची. ती डिसेंबर 2017 मध्ये दिल्लीत स्वीकारली गेली. समजून घेणं, जपणं, टिकाऊ पद्धतीने सांभाळणं आणि पुढे पोचवणं, अशा चार टप्प्यांत ती काम मागतात. शेत हा वारसा आहे आणि शेतकरी त्याचा जाणकार आहे, हे त्यात गृहीत धरलेलं आहे.

तपासायचा आराखडा म्हणजे कर्नाटक नगर व ग्राम नियोजन अधिनियम 1961 खाली होणारा मास्टर प्लॅन. बेळगावात तो करायची जबाबदारी बुडाकडे, म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणाकडे, आहे. कलम 12 मध्ये प्लॅनमध्ये काय असावं ते दिलं आहे: जमीनवापराचे विभाग आणि त्यांचे नियम, रस्त्यांची रचना, उद्यानं व सार्वजनिक जागा, पुढच्या वाढीसाठीची क्षेत्रं, सरकारी कामांसाठी आरक्षणं, विशेष नियंत्रणाची क्षेत्रं, आणि अंमलबजावणीचे टप्पे.

गुण 0 ते 3. तत्त्वाचा उल्लेखच नसेल तर 0, नुसता उल्लेख असेल तर 1, नियम आहे पण तो राबवायचं साधन नाही तर 2, आणि नियम, साधन, पैसा, मुदत चारही असतील तर 3. या गुणांची सरासरी मात्र काढू नये. भूदृश्याची ओळखच पटवलेली नसेल तर पुढचं उद्दिष्ट आणि उपाय हवेत राहतात, आणि सरासरीत ही गोष्ट झाकली जाते. साखळीतली सगळ्यात कमजोर कडी कोणती, ते आधी पाहावं.

हद्द आणि नकाशा

पहिली चूक हद्दीतच होते. नियोजन क्षेत्राची हद्द गावांच्या सीमेवरून ठरते, पाण्याची हद्द उतारावरून. म्हणून तपासणीसाठी नाल्याचं पाणलोट घ्यावं, गावं त्यात पूर्ण येवोत वा अर्धी. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावरून पाणलोटाची ढोबळ रेषा काढायची, मग कर्नाटक सरकारच्या दिशांक ॲपवरून सर्व्हे नंबर जुळवायचे, आणि शेवटी गावाच्या जुन्या भूमापन नकाशावर उतरायचं.

शेवटची पायरी टाळली तर तपासणी फसते, कारण साधं गणित आहे. 1:50,000 पेक्षा दुप्पट मोठ्या, 1:25,000 च्या नकाशावरही 1 मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 25 मीटर. नाल्याला मिळणारा 6 मीटर रुंदीचा ओढा त्यावर पाव मिलिमीटरपेक्षाही बारीक येतो आणि अर्धा मीटर रुंदीचा बांध येतच नाही. गावनकाशाच्या 1:7,920 या जुन्या प्रमाणावर तोच ओढा पाऊण मिलिमीटरचा होतो, म्हणजे काढता येतो. लहान प्रमाणाच्या नकाशावर जमीन रंगवली की ओढा पुसला जातो. मग लेआउटला परवानगी देणाऱ्याच्या टेबलावर तो नसतोच, आणि नाही म्हणायला त्याच्याकडे आधारही उरत नाही.

हद्द ठरल्यावर प्रदेशाचे स्वभावानुसार भाग पाडायचे. या खोऱ्यात पाच भाग ठळक दिसतात. येळ्ळूरचा राजहंसगड, त्याचा उतार आणि पायथ्याचा माळ, हा पहिला. दुसरा काळ्या जमिनीचा सपाट भाताचा पट्टा. तिसरा खुद्द नाला, त्याचे फाटे आणि काठ. चौथा शहापूर–वडगावची दाट वस्ती, जिथे विणकरांची घरं आणि माग अगदी शिवाराच्या तोंडापर्यंत आले आहेत. पाचवा हलग्याकडचा महामार्गालगतचा भाग. प्रत्येक भागासाठी चार गोष्टी लिहायच्या: माती आणि उतार, पाण्याची वाट, पीक किंवा वापर, आणि लोक त्याला काय म्हणून ओळखतात. ऑगस्टात गडावर उभं राहिलं की भाताचा पट्टा एकसंध दिसतो आणि त्यात घातलेले भराव लालसर चौकोन होऊन वेगळे उठून दिसतात. तो फोटो दरवर्षी त्याच जागेवरून, त्याच आठवड्यात घ्यावा. दहा वर्षांच्या बदलाचा यापेक्षा स्वस्त पुरावा मिळणार नाही.

बांधाचं गणित

भाताचं शेत शहराच्या काय कामाचं, याचं उत्तर बांधात आहे. बांधाआड सरासरी 15 सेंटिमीटर पाणी उभं राहतं असं धरू. एक एकर म्हणजे 4,047 चौरस मीटर, त्यात सुमारे 607 घनमीटर पाणी मावतं, म्हणजे सहा लाख लिटरच्या वर. 100 हेक्टर शिवार एकाच वेळी दीड लाख घनमीटर पाणी अडवून धरू शकतं. शेतकरी ते पाणी एका शेतातून दुसऱ्यात, बांधातल्या ठरलेल्या वाटेने, हळूहळू खाली सोडतो. वरच्याचं पाणी खालच्याने घ्यायचं आणि खालच्याने ते नाल्याला लावायचं, ही कागदावर न लिहिलेली व्यवस्था सगळ्या शिवारभर चालते.

आता त्यातल्या एका शेताचे प्लॉट पडले. रस्त्याच्या पातळीला आणायला मुरमाचा भराव घातला. एक गुंठा म्हणजे सुमारे 101 चौरस मीटर, तो एक मीटर उचलायला 36 ब्रासच्या आसपास भराव लागतो, दबाई धरली तर त्याहून जास्त. भरावाने त्या शेतातलं साठवण गेलं, हे नुकसान लहान. मोठं नुकसान असं की वरच्या पाच-सहा शेतांची पाण्याची वाट त्या शेतातून होती, ती बंद झाली. वरच्या शेतात पाणी तुंबतं. भाताला पाणी लागतं, पण रोप पूर्ण बुडून सात ते चौदा दिवस राहिलं तर सहसा जातं, आणि नुकतं लावलेलं कोवळं रोप त्याआधीच. दोन हंगाम असे गेले की तो शेतकरीही विकायला तयार होतो. 2020 च्या भूसुधारणा दुरुस्तीनंतर शेतजमीन घ्यायला शेतकरी असण्याची अटही उरलेली नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तयार असतं. मग पुढच्या फेरआखणीत त्या पट्ट्यावर शेरा बसतो की इथे नागरीकरण झालेलंच आहे. एका चुकीच्या भरावातून सुरू झालेली ही साखळी आराखड्यात नैसर्गिक वाढ म्हणून नोंदली जाते. इथल्या सगळ्या प्रकरणात सर्वांत गंभीर बाब हीच आहे.

वाहून येणाऱ्या पाण्याचा हिशेबही करून पाहावा. सूत्र सोपं आहे: वाहणारं पाणी (घनमीटर प्रति सेकंद) = वाहून जाण्याचा गुणांक × पावसाची तीव्रता (मिलिमीटर प्रति तास) × क्षेत्र (हेक्टर) ÷ 360. गुणांक म्हणजे पडलेल्या पावसापैकी वाहून जाणारा वाटा. उदाहरणादाखल 100 हेक्टर, तासाला 60 मिलिमीटर पाऊस. शेतासाठी गुणांक 0.3 धरला तर 5 घनमीटर. तेच क्षेत्र छपरं आणि काँक्रीट झालं, गुणांक 0.7 धरला, तर सुमारे 11.7 घनमीटर. आता हे पाणी रस्त्याखालून न्यायचं आहे. 900 मिलिमीटर व्यासाचा ह्यूम पाइप पूर्ण भरून सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहिला तरी एक घनमीटरही नेत नाही. म्हणजे आज जिथे पाच-सहा पाइप पुरतात तिथे उद्या बारा-तेरा लागतील, आणि रस्ता मात्र आजच्या हिशेबाने बांधला जाईल.

पाइपांच्या संख्येइतकीच मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या पाणवाटेच्या, तळाची पातळी महत्त्वाची. मोरीचा तळ शेताच्या तळापेक्षा 30 सेंटिमीटर वर बसला तर पाऊस थांबल्यावरही तेवढं पाणी शेतात उभंच राहतं, पाइप कितीही मोठा असो. सपाट शिवारात आडवा भराव जाणार असेल, मग तो बायपास असो की लेआउटचा रस्ता, प्रत्येक मोरीचा तळ आणि तिच्या वरच्या बाजूच्या शेताचा तळ, दोन्ही पातळ्या एकाच तक्त्यात मागून घ्याव्यात.

तत्त्वांवर ताडून

कायद्यातली मान्यता (करार, कलम 5-अ): 1 गुण. 1961 च्या अधिनियमात शेती हा जमीनवापराचा एक विभाग आहे, वारसा इमारत आणि वारसा परिसर यांच्या व्याख्याही नंतर आल्या, पण भूदृश्य हा स्वतंत्र विषय नाही. शेती विभाग व्यवहारात अजून न वाढलेली जमीन म्हणून वागवला जातो. ही दृष्टी फक्त नगररचनेत नाही. पश्चिम घाटासाठीच्या 2013 च्या कस्तुरीरंगन अहवालानेही घाटाचे नैसर्गिक भूदृश्य आणि सांस्कृतिक भूदृश्य असे दोन भाग केले आणि संवेदनशील क्षेत्र पहिल्यातून निवडलं. खानापूरच्या जंगलाला त्यातून काहीतरी कवच मिळायची वाट तरी होती. माणसांनी घडवलेल्या शिवाराला तिथेही जागा नव्हती.

ओळख आणि मूल्यमापन (6-क): 0. मास्टर प्लॅनच्या आधीचं सर्वेक्षण जमिनीचा सध्याचा वापर नोंदवतं: शेती, पडीक, निवासी. बेळगाव बासमतीचं काळं शिवार आणि माळावरची नाचणी दोन्ही एकाच रंगात येतात. वर सांगितलेले पाच भाग, त्यांची पाण्याची नाती, त्यांचं लोकांच्या मनातलं स्थान, यातलं काही टिपायला रकानाच नाही. कमजोर कडी ही, आणि पुढचे कमी गुण बहुतेक हिच्यामुळे आहेत.

गुणवत्तेची उद्दिष्टं (6-ड): 0. इथे काय लिहिता आलं असतं याचा नमुना देणं योग्य ठरेल. पाऊस थांबल्यावर तीन दिवसांत शेतातलं जादा पाणी नाल्याला लागेल. नाल्याच्या किमान एका काठावर गाळ काढायचं यंत्र उतरेल एवढी सलग वाट राहील. कोणत्याही शेतात भराव पडण्याआधी त्यातून कोणाकोणाचं पाणी जातं ते नकाशावर दाखवलं जाईल. गडावरून दिसणारा भाताचा पट्टा मधोमध तोडला जाणार नाही. चारही गोष्टी जागेवर जाऊन मोजता किंवा पाहता येतात. हिरवाई जपणे, पर्यावरणाचा समतोल राखणे यांसारखी वाक्यं उद्दिष्ट म्हणून धरू नयेत, कारण ती पाळली गेली की मोडली हे कधीच ठरवता येत नाही.

इतर खात्यांशी सांगड (5-ड): 0. रस्त्याचं भूसंपादन एका यंत्रणेकडे, सांडपाणी दुसरीकडे, नाल्यातला गाळ तिसरीकडे, जमिनीचं रूपांतर महसूल खात्याकडे, विभाग ठरवणं बुडाकडे. जलपर्णी हे याचं चांगलं उदाहरण. सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद हे तिचं खाद्य, आणि अनुकूल हवेत ती दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. सांडपाणी न थांबवता यंत्राने जलपर्णी काढली तर पैसा जातो आणि हंगामाच्या आत ती परत येते. गाळाचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये काढलेला गाळ काठावरच टाकला तर पहिल्या मोठ्या पावसात तो परत नाल्यात. गाळ कुठे नेऊन टाकायचा ती जागा आधी ठरली पाहिजे, आणि ती ठरवणं हे जमीनवापराचं काम आहे, म्हणजे आराखड्याचं.

अंमलबजावणीची साधनं (6-इ): 2. इथे कायदा अपेक्षेपेक्षा बरा निघतो. कलम 12(1) च्या खंड (एफ) प्रमाणे मास्टर प्लॅनमध्ये विशेष नियंत्रणाची क्षेत्रं जाहीर करता येतात आणि तिथल्या बांधकामाची रेषा, उंची, चटई निर्देशांक व अन्य बाबींसाठी वेगळे नियम करता येतात. बल्लारी नाल्याच्या खोऱ्यासाठी हीच तरतूद हत्यार म्हणून वापरण्यासारखी आहे. नवा कायदा लागत नाही. या तरतुदीकडे पाहण्याची सवय जुन्या इमारतींच्या परिसरापुरती असते, भाताच्या शिवारासाठी ती मागता येते हे कोणी बोलत नाही. उलट कलम 14-अ खाली मास्टर प्लॅन लागू झाल्यावरही, सरकारच्या पूर्वमंजुरीने आणि वर्तमानपत्रातल्या सूचनेनंतर, जमीनवापर बदलता येतो. पुढचं दार घट्ट आणि मागचं उघडं, अशी स्थिती त्यामुळे होते. म्हणून मूल्यमापनात मूळ आराखड्यासोबत 14-अ खालचे सगळे बदल सर्व्हे नंबरनिहाय एका नकाशावर टाकावेत. आराखडा काय होता आणि त्याचं काय झालं, हे त्या एका नकाशात दिसतं.

जाणीव आणि प्रशिक्षण यांना प्रत्येकी 1. त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

सहभाग: नोटीस निघाली, पण कोणापर्यंत?

कराराचं कलम 5-क लोकांच्या सहभागाची प्रक्रिया मागतं. कर्नाटकच्या कायद्यात ती आहे: कलम 13 खाली तात्पुरता मंजूर झालेला आराखडा राजपत्रात प्रसिद्ध होतो आणि 60 दिवसांत लेखी हरकती-सूचना देता येतात. कागदावर 2 गुण. प्रत्यक्षात आम्ही 1 देतो, त्याची चार कारणं.

पहिलं भाषेचं. येळ्ळूर, वडगाव, शहापूर, अनगोळ या भागात मराठी घरोघरी बोलली जाते, आणि आराखडा, अहवाल, नियमावली कन्नड किंवा इंग्रजीत असते. ही केवळ भावनेची बाब नाही. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या केंद्राच्या संरक्षण योजनेत 15 टक्के किंवा अधिक लोकसंख्या असलेल्या भागात महत्त्वाचे नियम आणि सूचना त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करण्याची अपेक्षा आहे, आणि घटनेचं कलम 350 गाऱ्हाणं मांडण्यासाठी राज्यात किंवा संघराज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क देतं. म्हणजे मराठीत हरकत देता येते. जमीनवापराच्या नियमात एक अट चुकीची कळली तर माणूस घर आणि शेत दोन्हीकडून अडकतो, म्हणून इथे भाषा ही तांत्रिक गरज आहे.

दुसरं वेळेचं. 60 दिवस जून-जुलैत आले तर ते पेरणी-लावणीत जातात. शेतकरी त्या दिवसांत नकाशा बघायला कार्यालयात जाणार नाही.

तिसरं, उताऱ्याचं. हरकतदार म्हणून मालकाला वजन मिळतं. पण शेत कसणारा वाटेकरी असतो, लावणी बायका करतात, पाणी कुठून कुठे सोडायचं हे त्यांना ठाऊक असतं, आणि उताऱ्यावर यांपैकी कोणाचंच नाव नसतं. कराराची व्याख्या लोकांच्या जाणिवेवर उभी आहे, सातबारावर नाही. त्यामुळे मूल्यमापनात या लोकांशी वेगळं बसून बोलावं लागतं. प्रश्न साधे ठेवावेत: तुमच्या शेताचं पाणी कोणाच्या शेतातून जातं? गेल्या काही वर्षांत ते जास्त दिवस थांबतं का? कोणत्या भरावानंतर? कोणता बांध कोणी बंद केला हे विचारू नये, भावकीचं भांडण पेटतं आणि माहिती मिळत नाही. शिवारातून चालत जाताना दाखवून घ्यावं, खोलीत बसून नाही.

चौथं म्हणजे उत्तराचं. हरकतींचा विचार करून आराखडा शिफारशींसह पुन्हा सरकारकडे जातो. पण तुमच्या मुद्द्याचं काय झालं, कोणत्या कारणाने तो नाकारला, हे सर्व्हे नंबरनिहाय कळलं तरच त्याला सहभाग म्हणता येईल.

हद्दीपलीकडचं पाणी

कराराचं कलम 9 सीमेवरच्या भूदृश्यांसाठी एकत्र काम मागतं. ते देशांसाठी लिहिलेलं आहे, पण राज्यांच्या सीमेलाही तर्क तोच लागतो. बल्लारी नाल्याचं पाणी ज्या मार्कंडेयला मिळतं त्या नदीवर शहराला पाणी देणारा राकसकोप जलाशय आहे आणि त्याला लागूनच महाराष्ट्रातला चंदगड तालुका. बेळगुंदी–उचगावकडची रताळी आणि काजूची लाल जमीन तशीच पलीकडे चालू राहते. महाराष्ट्रात 1966 च्या नगररचना अधिनियमात प्रादेशिक योजना हा वेगळा प्रकार आहे, कर्नाटकात भर स्थानिक नियोजन क्षेत्राच्या मास्टर प्लॅनवर. दोन्ही नकाशे सीमेवर येऊन पांढरे होतात. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. ओढ्यांच्या रेषा, पर्जन्याच्या नोंदी आणि जलाशयाच्या पाणलोटातला जमीनवापर, एवढ्यांची देवाणघेवाण करायला त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. जिल्ह्याच्या पातळीवर यासाठी जागाही आहे: घटनेच्या कलम 243-झेडडी प्रमाणे जिल्हा नियोजन समितीने पंचायती आणि नगरपालिकांच्या योजना एकत्र करून पाणी व इतर भौतिक साधनसंपत्तीच्या वाटपाचा विचार करायचा असतो. गुण: 0.

मोजपट्टीला कुठे मर्यादा पडते

युरोपातल्या कराराची पट्टी जशीच्या तशी इथे लावली तर शेतकऱ्यावर अन्याय होईल, आणि हे तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. एकरभर भात ठेवणाऱ्याने सहा लाख लिटर पाणी अडवायचं, शहराला पुरापासून वाचवायचं, गडावरून दिसणारं शिवार टिकवायचं, आणि शेजारच्याने प्लॉट विकून मुलांची लग्नं, शिक्षणं उरकायची, हे चालणार नाही. पारंपरिक बासमती उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उशिरा येतो. लवकर येणाऱ्या, जास्त पिकणाऱ्या जाती त्याची जागा का घेतात हे त्यातून कळतं. कलम 14-ब खाली विकास हक्कांचा मोबदला आहे, पण तो सार्वजनिक कामासाठी जमीन सोडल्यावर. जमीन आपल्याकडे ठेवून ती शेती म्हणूनच राखली, तर त्यासाठी काही नाही. विशेष नियंत्रण क्षेत्र मागताना ही उणीव भरून काढायची मागणीही जोडलीच पाहिजे: पाणी अडवणाऱ्या शेताला वार्षिक मोबदला, किंवा बांध आणि ओढा दुरुस्तीचा खर्च शहराच्या पूरनियंत्रणाच्या अंदाजपत्रकातून. नाहीतर लोक या क्षेत्रालाच विरोध करतील, आणि तो विरोध रास्त असेल.

पुढच्या फेरआखणीआधी

कलम 13-ड प्रमाणे दहा वर्षांतून किमान एकदा नव्याने सर्वेक्षण करून आराखडा फेरतपासायचा असतो. प्रभावी हस्तक्षेप करायची वेळ ती, कारण सर्वेक्षणात रकाना नसेल तर नंतर हरकतीत कितीही लिहिलं तरी ते नकाशावर येत नाही. येळ्ळूर, धामणे यांसारख्या ग्रामपंचायतींनी सर्वेक्षण सुरू होण्याआधीच ग्रामसभेचा ठराव करून गावनकाशावर ओढे, नाल्याचे फाटे, पाणी तुंबणारी शेतं आणि झालेले भराव चार वेगळ्या रंगांत उतरवून द्यावेत. शहराच्या हद्दीतल्या शहापूर-वडगाव-अनगोळच्या शेतकऱ्यांना ग्रामसभा नाही, त्यांनी हेच काम प्रभागाच्या पातळीवर किंवा शेतकरी मंडळामार्फत करावं.

हरकतीचा अर्ज एका पानाचा असावा. त्यात सर्व्हे नंबर आणि हिस्सा, क्षेत्र एकर-गुंठ्यांत, शेताचं पाणी कोणत्या सर्व्हे नंबरातून कोणत्या ओढ्याला जातं, आराखड्यातली नेमकी कोणती रेषा किंवा रंग त्याला आडवा येतो, आणि त्याऐवजी काय हवं, या पाच गोष्टी याव्यात. सोबत पावसाळ्यातला एक तारखेसह फोटो आणि गावनकाशाची लाल रेघ मारलेली प्रत. मागणी तीन वाक्यांत: संबंधित पट्टा 12(1)(एफ) खाली विशेष नियंत्रण क्षेत्र म्हणून दाखवावा, भरावाला पाण्याच्या वाटेची अट घालावी, हरकतीचा निर्णय कारणासह लेखी कळवावा. पोच घेताना आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का दोन्ही प्रतींवर घ्यावा, कारण 60 दिवसांची मोजणी झाली की शिक्का नसलेला कागद विचारात घेतला जाईल याची खात्री उरत नाही.